आमच्या दारातली मुंबईची गाडी

राग आला की मला बोलता येत नाही. घसा दाटतो, डोळे भरतात, आणि समोरच्याला वाटतं हिला रडू येतंय. मग तो मला समजावायला लागतो. समजावलं की राग आणखी चढतो. म्हणून हे लिहिते. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढची शाळा खाडीपलीकडे होती. कुणाला वाचायला देणार नाही. पण पोटात ठेवलं तर परातीत भाकरी थापताना हात असा पडतो की भाकरी फाटते, आणि फाटकी भाकरी गिऱ्हाइकाला देता येत नाही.

आमचं घर मांडवीकडच्या आळीत, अगदी रस्त्याला लागून. दोन पायऱ्या उतरल्या की गटारावरची फरशी, फरशी ओलांडली की रस्ता. मागे रस्ता नवा झाला तेव्हा आमच्या बाजूने कडेला हिरवा पट्टा मारला आणि त्यावर पांढऱ्या रंगात सायकलीचं चित्र काढलं. आळी हसून हसून लोळली. "रत्नागिरीत सायकल? चढ चढताना तोंडाला फेस येईल!" पलीकडच्या घरातली कोळीणकाकी सगळ्यांत शहाणी. तिने दुसऱ्याच दिवशी पट्ट्यावर सुकट वाळत घातली. "जागा सपाट हाय, स्वच्छ हाय, आन् कोण येतंय हितं मरायला?" म्हणाली.

मी येत होते.

मी वर नाक्याजवळच्या खानावळीत भाकऱ्या करते. पहाटे बंदरावरून आलेले खलाशी, एस.टी.चे ड्रायव्हर, कंडक्टर, सगळ्यांना सकाळी गरम भाकरी लागते. एवढ्या लवकर रिक्षा नसते, आणि सहाआसनी असली तरी भरल्याशिवाय हलत नाही. चालत जायचं तर चढ, आणि माझा गुडघा दुखरा. उशीर झाला की मालकीणबाई काही बोलायच्या नाहीत, नुसत्या माझ्या परातीकडे बघायच्या. त्यांच्या चुलतबहिणीची सून घरी बसून होती आणि तिला भाकऱ्या येत होत्या, हे त्या मला आठवड्यातून एकदा सहज म्हणून सांगायच्या.

पडवीत मुलीची सायकल पडून होती. तिला शाळेतून मिळालेली. मुलगी लग्न होऊन चिपळूणला गेली, सायकल राहिली. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. एक दिवस मी ती धुतली. नाक्यावर चाकांत हवा भरून आणली, आणि पहाटे, रस्त्यावर कुणी नसताना, पट्ट्यावर शिकले. पडले. गटारात एकदा गेले. पण पट्टा होता म्हणून शिकले. मागून ट्रक येईल ही भीती नव्हती. हिरव्या रंगाच्या आत मी, बाहेर दुनिया. सुकटीच्या वेळेला मी काकीला सांगितलं, तर तिने सुकट बाजूला सरकवून मला हातभर वाट सोडली. "जा गो जा," म्हणाली, "खालून वास येईल तो घे नि जा."

पहिले काही महिने रिक्षावाल्यांनी चेष्टा केली. "काकू, ब्रेक हायत ना? नायतर परत येताना थेट समुद्रात जाशाल!" मी मान खाली घालून पायडल मारायची. नंतर तेच कंटाळले. चढाला मी उतरून सायकल ढकलते, वर गेल्यावर पुन्हा बसते. परत येताना मात्र सगळा उतार. समुद्राचा वारा तोंडावर येतो, पदर खोचलेला असतो, आणि त्या वेळात मला कुणी हाक मारत नाही, काही मागत नाही. एवढंच सांगते. यापेक्षा जास्त सांगायला मला लाज वाटते.

आता गाडीचं.

गेल्या मे महिन्यात माझे धाकटे दीर मुंबईहून गाडीने आले. भावोजी चांगल्या कंपनीत आहेत. बायको, मुलगी, पिशव्या, आंबे न्यायला रिकाम्या पेट्या. जाताना पेट्या भरल्या, पण गाडीत नाही, रेल्वेत. गाडी इथेच. आमच्या दारात, पट्ट्यावर, सायकलीच्या चित्रावर बरोबर मागची चाकं.

"वहिनी, ही इथे राहू दे," भावोजी म्हणाले. "तिकडे सोसायटीत आता गाडीला जागा देत नाहीत. आणि खरं सांगू, मुंबईत गाडी म्हणजे डोक्याला ताप. मी आता स्टेशनपर्यंत सायकलनेच जातो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आमच्या कॉम्प्लेक्सबाहेरून मस्त सायकल ट्रॅक केलाय. हे बघा." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. फोनमध्ये भावोजी डोक्यावर टोप घालून सायकल चालवत होते. दोन्ही बाजूंना झाडं, मधे तसाच हिरवा पट्टा. मागून जाऊबाईचा आवाज, "हाय करा, हाय करा!" भावोजींनी हात हलवला. "वजन उतरलं माझं, वहिनी. आता मी सगळ्यांना सांगतो, गाड्या सोडा. शहर वाचवायचं तर गाड्या कमी करायला पाहिजेत."

आणि शहरातली कमी केलेली गाडी माझ्या पट्ट्यावर.

हे मी म्हटलं नाही. मी चहा टाकायला आत गेले. आमचे हे बर्फाच्या कारखान्यात कामाला आहेत, स्वभावाने थंडच. ते म्हणाले, "भावाची गाडी हाय गो. दोन दिवस राहील."

पावसाळा आला तरी गाडी तिथेच. तिच्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीला नायलॉनची दोरी, दोरी आमच्या खिडकीच्या गजाला. गाय बांधल्यासारखी. दर रविवारी मुंबईहून फोन. "वहिनी, ताडपत्रीखाली पाणी साचत नाही ना?" "वहिनी, काच पुसलीत का?" "दादाला सांगा, बॅटरी उतरेल, थोडा वेळ चालू करून ठेव." आमच्या ह्यांना गाडी चालवता येत नाही. ते आत बसायचे, चावी फिरवायचे, गाडी घुरघुरायची, आणि हे दोन्ही हात चाकावर ठेवून समोर ताडपत्रीकडे बघत बसायचे. मी एकदा दारातून विचारलं, "कुठपर्यंत आलात?" तर हसले. मला हसू आलं नव्हतं. एका मांजरीने खाली पिल्लं घातली. श्रावणात उंदरांनी कसली तरी वायर कुरतडली, तर भावोजींनी मला फोनवर विचारलं, "वहिनी, तुम्ही लक्ष नाही का ठेवत?"

मी लक्ष ठेवत नाही. भाकऱ्या करून, घरचं करून, त्यांच्या गाडीच्या उंदरांवर मी लक्ष ठेवत नाही.

त्या गाडीमुळे मला दारातून निघतानाच पट्टा सोडून भर रस्त्यात जावं लागायचं. आळीच्या तोंडाशी वळण आहे. वळणावरून येणाऱ्याला गाडी दिसते, गाडीआडून निघणारी बाई दिसत नाही. एका सकाळी पाऊस सरळ तोंडावर येत होता, मी गाडीला वळसा घालून निघाले आणि मासळीचा टेम्पो आला. त्याचा आरसा माझ्या खांद्याला लागला. मी सायकलसकट आपटले, ती नेमकी भावोजींच्या गाडीच्या दारावर. टेम्पोवाला थांबला, बिचारा भिजत खाली उतरला. "काकू, लागलं काय? अवो, अशी मधेच कशी आलात?"

मधेच. मी माझ्या दारातून निघाले होते.

खांदा काळानिळा झाला. त्या हाताने भाकरी थापता येईना, मालकीणबाईंनी चुलतबहिणीच्या त्या सुनेला दोन दिवस बोलावलं. तिच्या भाकऱ्या चांगल्या होत्या. घरी ह्यांनी तेल चोळून दिलं, आणि मग हळूच म्हणाले, "गाडीच्या दाराला चरा पडलाय. भाऊ विचारील तर काय सांगायचं?"

मी तेलाची वाटी उचलून आत ठेवली. इतक्या जोरात, की तेल भिंतीवर गेलं. ते तसंच आहे अजून. पुसलेलं नाही.

गणपतीला भावोजी सहकुटुंब आले. या वेळी रेल्वेने, कारण गाडी इथेच. चरा बघितला. त्यावरून बोट फिरवलं, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी जेवायला बसल्यावर म्हणाले, "दादा, मूळ प्रश्न त्या पट्ट्याचा आहे. रस्त्याला पुरेशी जागा नाही आणि नगरपालिकेने पट्टा काढून ठेवलाय. कोण वापरतं? आपली वहिनी आणि चार पोरी. विसर्जनानंतर आपण आळीतले सगळे तिथे जाऊन सांगू, पट्टा पुसा, पार्किंग करा. मी बोललोय तिघाचौघांशी. सगळ्यांना हवंच आहे."

"तुम्ही तिकडे सायकल चालवता ना, भावोजी?" मी म्हटलं. खरंच म्हटलं. पण भाकरीचं पीठ मळता मळता, त्यांच्याकडे पाठ करून, आणि पंखा चालू होता.

"काय म्हणालात?"

"काही नाही. मीठ बघितलंत का आमटीत?"

"मीठ बरोबर आहे," भावोजी म्हणाले. मग ह्यांना म्हणाले, "उद्या आरतीला समोरचे आबा येतील ना? त्यांना सांगतो, गाऱ्हाण्यात घाला म्हणून. गाऱ्हाण्यात एकदा सगळ्यांनी हो म्हटलं की आळीत मागे कोण फिरत नाही."

हे खरं होतं. म्हणून माझा हात पिठातच थांबला. आमच्याकडे आरती झाली की आळीतला मोठा माणूस देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो. देवा, ह्या घराला हे दे, ते दे, अमकं संकट टाळ. तो एकेक मागतो आणि जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" काय मागितलं ते निम्म्या लोकांना ऐकूही येत नाही. आवाज थांबला की व्हय म्हणायचं. पण देवापुढे व्हय झालं की ते झालं. गेल्या खेपेला विहिरीवरून भांडणारे दोघे भाऊ गाऱ्हाण्यात व्हय म्हणून बसले आणि मग मुकाट्याने पाणी वाटून घेतलं. हे लोक पोलिसांना भीत नाहीत, व्हयला भितात.

पट्टा पुसला तर तिथे आणखी गाड्या उभ्या राहणार. मग वळणावरून मी जाणार कुठून? पुन्हा चालत, पुन्हा उशीर, आणि मग मालकीणबाईंची ती सून. मला रात्रभर मोदकांचंच स्वप्न पडत होतं. मी करतेय आणि एकही बंद होत नाहीये.

चतुर्थीला संध्याकाळी आळीतली मंडळी आरतीला आली. बाहेरच्या खोलीत पुरुष, दारात मुलं, आणि आम्ही बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. टाळ, ढोलकी, घाम, उदबत्ती. आरती झाली. आबा पुढे झाले. समोरच्या घरातले आबा, वय झालंय पण आवाज अजून खणखणीत. हातात अक्षता घेतल्या, डोळे मिटले.

"हे गजानना, म्हाराजा! आज ह्या घरातल्या लेकराबाळांनी जी काय मोडकीतोडकी सेवा केली ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोटापाण्यासाठी जे मुंबईस गेले त्यांच्या पाठीशी उभा ऱ्हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भावोजींचा आवाज सगळ्यांत मोठा.

"ह्या घरची लेक सासरी नांदते, तिची कूस उजव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इथे मीही म्हटलं.

"आन् ह्या आळीच्या दारात जो सायकलीचा पट्टा मारलाय, त्याची जी काय अडचण, जी काय पीडा झाली असंल, ती दूर कर, पट्टा जाऊ दे आन् गाडीघोड्यांना जागा मोकळी होऊ दे रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा."

मी आधी इकडे तिकडे बघितलं, कोण बोललं म्हणून. सगळे माझ्याकडे बघत होते. व्हय म्हणायला तोंडं उघडली होती ती तशीच उघडी. दोन-तीन जणांचं सवयीने निम्मं 'व्ह' बाहेर आलं होतं, ते तिथेच अडकलं. ढोलकीवरचा हात घसरून ढप्प झालं.

आबांनी डोळे उघडले. "कोण बोललं?"

"आमची ही," आमचे हे म्हणाले. आवाज असा, जणू माझा पाय देवाच्या पाटाला लागलाय.

"वहिनी," भावोजी म्हणाले, "गाऱ्हाण्यात नाही म्हणत नाहीत."

"मग विचारता कशाला?"

माझा आवाज फाटला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. जाऊबाईने माझा हात धरला. "ताई, रडू नका ना."

"मी रडत नाहीये," मी म्हटलं. "मला राग आलाय."

मग आलं ते सगळं एकदम आलं, आणि नीट आलं नाही. खांदा दाखवला. टेम्पो सांगितला. म्हटलं, तुम्ही तिकडे टोप घालून पट्ट्यावरून जाता, फोनमध्ये काढून दाखवता, आणि तुमची नको झालेली गाडी माझ्या पट्ट्यावर. तुमच्या शहरात हवा पाहिजे, वजन उतरायला पाहिजे, आणि आम्ही इथे मरायचं काय तुमच्या ताडपत्रीआडून निघताना? तुमचा पट्टा पुसतो म्हटलं तर चालेल? विचारा ना तिकडच्या देवाला!

"वहिनी, हा विषय वेगळा आहे—"

"वेगळा कसा?" हे दारातून कोळीणकाकी बोलली. "माझी नात त्याच पट्ट्यावरून शाळेत जाते. आन् पट्टा पुसलात तर मी सुकट कुठं घालू? तुझ्या गाडीवर?"

हसू फुटलं. आबांनी हात वर केला तसं थांबलं. गाऱ्हाणं अर्धं सोडता येत नाही, अशुभ असतं. आबांनी अक्षता मुठीत घट्ट धरल्या. मग माझ्याकडे न बघता हळू म्हणाले, "बाय, आता काय मागू ते तूच सांग. मला पुरं केलं पायजे."

मी म्हटलं, "ज्याची गाडी त्याच्या दारात राहू दे म्हणा."

आबांनी डोळे मिटले. "ज्याची गाडी त्याच्या दारात राहू दे रे म्हाराजा!"

पहिल्यांदा कोळीणकाकी म्हणाली. मग बायका. मग ढोलकीवाला. "व्हय म्हाराजा!" आमचे हे म्हणाले की नाही, मला दिसलं नाही. भावोजी म्हणाले नाहीत. मोदकही खाल्ला नाही. त्यांच्या पानातले मोदक जाऊबाईने गुपचूप आपल्या पानात घेतले आणि खाल्ले. मला ती तेव्हा जरा आवडली.

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं आणि भावोजी गाडी घेऊन गेले. ताडपत्री सोडताना दोरीची गाठ सुटेना. मी कोयती आणून दिली. "देवासमोर अपमान केलात, वहिनी," म्हणाले. "दादाचं घर आहे म्हणून गप्प बसतो." तिकडे गाडी कुठे लावली, मी विचारलं नाही. आमचे हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही नाही. पाचव्या दिवशी म्हणाले, "आमटीत मीठ कमी हाय," म्हणजे बोलणं सुरू झालं.

गाडी होती त्या जागी पट्टा अजून गडद हिरवा होता, बाकी सगळीकडे विटलेला. पहिल्या सकाळी मी दारातून सरळ निघाले, वळसा न घालता. कुणाला सांगायचं नाही, पण मी घंटी वाजवली. समोर कुणीच नव्हतं.

आठवडा झाला असेल. सकाळी दार उघडलं तर त्याच जागेवर पांढरी गाडी. तीन घरं सोडून राहणाऱ्या दुकानदाराची. गाऱ्हाण्याला हाच माणूस माझ्यासमोर उभा होता, आणि व्हय म्हाराजा म्हणाला होता.

 परत आत जावं असं वाटलं. ह्यांना उठवावं, आबांना सांगावं, कोळीणकाकीला हाक मारावी. उशीर होत होता. मी सायकल फरशीवर उभी केली आणि त्यांचं दार वाजवलं. बराच वेळ वाजवलं. दुकानदार तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आले.

"काय झालं, वहिनी? कोण गेलं काय?"

"गाडी काढा."

"अवो, जागा मोकळी दिसली म्हणून—"

"मोकळी नाही. माझी वाट आहे ती."

"दुपारी काढतो."

"आत्ता काढा."

"वहिनी, सकाळी सकाळी काय हे? तोंड तरी धुऊ दे."

"धुवा. मी थांबते."

आणि मी थांबले. त्यांच्या पायरीवर, डोळ्यांतून पाणी येत होतं, येऊ दिलं. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "काढा ना मेली ती गाडी, ती बाई जायची नाय!" ते चूळ भरून, बनियनवरच, चावी घेऊन आले. गाडी मागे घेताना तीनदा बंद पडली. मी प्रत्येक वेळी उभी होते.

खानावळीत पोचायला उशीर झाला. मालकीणबाईंनी माझ्या परातीकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "रस्त्यात गाडी होती, काढायला लावली. उद्या असली तर उद्याही लावीन, आणि उद्याही उशीर होईल." त्यांनी पीठ माझ्याकडे सरकवलं.